दहा टक्क्यांची सभ्यता

उपाहारगृहांत जेवण झाल्यावर वाढणाऱ्या नोकरास किती बक्षिसी द्यावी, हा प्रश्न अलीकडे आमच्या सुशिक्षित वर्गांत मोठ्या गांभीर्यानें चर्चिला जातो. कोणी दहा टक्के सांगतो, कोणी सुटे उरतील तितके पुरेत म्हणतो, आणि अमेरिकेंत मुलाकडे चार महिने राहून आलेले आजोबा वीस टक्क्यांच्या गोष्टी सांगून घरच्या मंडळींस थक्क करितात. शिष्टाचाराचे मार्गदर्शकही निघाले आहेत. बिलाच्या पाकिटांत नोट कशी ठेवावी, टक्के काढावेत ते कर धरून कीं कर वगळून, नुसता चहा घेतला असतां कांहीं द्यावें कीं न द्यावें, याचा त्यांत धर्मशास्त्राच्या सूक्ष्मतेनें निर्णय केलेला असतो. या साऱ्या ऊहापोहांत एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं. ज्या माणसाला आपण हे पैसे देतों त्याला कामावर ठेविलें कोणी? मालकानें ठेविलें असेल, तर त्याची मजुरी गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडून देण्याची मुभा मालकास दिली कोणी?

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. बक्षिसीचा शिष्टाचार म्हणून आज जें शिकविलें जातें तो शिष्टाचारच नव्हे. वेतन चुकविण्याच्या व्यवहारावर पांघरलेली ती शाल आहे. आणि ‘आम्ही तत्त्व म्हणून बक्षिसी देत नाहीं’ असें सांगणारे आमचे जे कांहीं स्नेही आहेत, ते या व्यवहाराचे शत्रु नसून त्याचे अत्यंत स्वस्तांतले भागीदार आहेत.

आपल्या भाषेंत देण्याघेण्याचे शब्द थोडे नाहींत. दक्षिणा, ओवाळणी, दिवाळी-पोस्त, खुशाली, बलुतें, बक्षीस, चिरीमिरी. यांतील प्रत्येक शब्द देणारा कोण, घेणारा कोण, आणि घेणाऱ्याचा त्यावर अधिकार किती, हें नेमकें सांगतो. टपालवाल्यास दिवाळी-पोस्त देतों तेव्हां त्याचा पगार सरकारांतून झालेला असतो. आपण देतों तो सणाचा आनंद. बक्षीस हा फारसीतून आलेला शब्द दरबारचा आहे. वरच्यानें खालच्यास, प्रसन्न होऊन, आणि प्रसन्न न झाल्यास कांहींच नाहीं. बलुतें तसें नव्हे. सुतार, लोहार, कुंभार यांचा खळ्यावरचा वांटा ठरलेला असे, आणि तो मागतांना सुताराला कुणब्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचें कारण नसे. आतां विचार असा करावा, कीं उपाहारगृहांतील वेटरला आपण देतों तें यांपैकीं काय? नांव बक्षिसाचें आणि काम वेतनाचें, हा जो घोटाळा, त्यांतूनच पुढचे सारे घोटाळे निघतात.

इंग्रजी ‘टिप’ शब्दाविषयीं एक आख्यायिका आमच्याकडे फार सांगितली जाते. लंडनच्या कॉफीगृहांत ‘तत्परतेच्या हमीसाठीं’ अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची पेटी असे आणि त्यांच्या आद्याक्षरांतून हा शब्द झाला, अशी ती कथा. तिला भाषाशास्त्राचा आधार नाहीं. हा शब्द सतराव्या शतकांतील चोरांच्या सांकेतिक बोलींतला असून ‘देणें, हातांत सरकविणें’ एवढाच त्याचा अर्थ होता. या वंशावळीचें आम्हांस तरी आश्चर्य वाटत नाहीं.

इंग्लंडांतील थोरामोठ्यांच्या घरीं अठराव्या शतकांत पाहुणा जेवून निघाला, कीं नोकरांची रांग दाराशीं हात पसरून उभी राही. मित्राच्या घरचें फुकट जेवण खानावळीपेक्षां महाग पडे. जोनास हॅनवे या गृहस्थानें, लंडनच्या रस्त्यांतून छत्री घेऊन हिंडण्याचें धाडस करणारा म्हणून ज्याची ख्याति आहे त्यानें, या चालीविरुद्ध लेखणी उचलली. यजमान नोकरांस वेतन कमी देत, कारण पाहुण्यांकडून भरपाई होते हें त्यांस ठाऊक असे. आतिथ्य यजमानाचें, खर्च पाहुण्याचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार ही म्हण आमच्याकडे आहे. तिकडे नुसती रीत होती.

परंतु या रीतीस यंत्राचें स्वरूप दिलें अमेरिकेनें, आणि तेथील इतिहास आमच्या वीस टक्केवाल्या आजोबांनीं अवश्य वाचावा. यादवी युद्धानंतर दास्यांतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांस पुलमन कंपनीनें आगगाडीच्या शयनडब्यांत नोकऱ्या दिल्या. वेतन तुटपुंजें, बाकीचें उतारूंच्या बक्षिसीतून मिळवावें, म्हणजे रात्रभर बूट पुसून सकाळीं हंसतमुखानें उभें राहावें. गुलामगिरी कायद्यानें गेली होती, परंतु मालकानें कामाचा मोबदला द्यावा ही कल्पना कांहीं लगेच आली नव्हती. या हमालांनीं १९२५ सालीं आपला संघ स्थापिला, ए. फिलिप रँडॉल्फ यांनीं त्याचें नेतृत्व केलें, आणि कंपनीनें संघाशीं करार करण्यास १९३७ साल उजाडलें. मध्यंतरीं बक्षिसी लोकशाहीस लांच्छन आहे असें वाटून वॉशिंग्टन राज्यानें १९०९ सालीं ती कायद्यानें बंद केली होती. आणखी कांहीं राज्यांनीं तोच मार्ग धरिला. पण १९२६ पर्यंत ते सर्व कायदे रद्द झाले. कायदा देणाऱ्या-घेणाऱ्यास दंड करीत होता. वेतन न देणारा मालक त्या कायद्याच्या कक्षेंतच नव्हता, मग तो टिकावा कसा?

पुढें काय झालें तें तर अधिक उद्बोधक आहे. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यांतून आरंभीं उपाहारगृहें वगळलेलीं होतीं. १९६६ सालीं तीं कायद्याखालीं घेतलीं तेव्हां मालकांस एक सवलत दिली, कीं नोकरास मिळणारी बक्षिसी किमान वेतनाच्या हिशेबांत धरावी. आज तेथील संघराज्याचें किमान वेतन ताशीं ७.२५ डॉलर आहे; तें २००९ पासून बदललेलें नाहीं. बक्षिसी घेणाऱ्या नोकरास मालकानें रोख द्यावयाचे ते मात्र ताशीं २.१३ डॉलर, आणि हा आंकडा १९९१ पासून तसाच आहे. मधले ५.१२ डॉलर गिऱ्हाइकानें भरावयाचे. न भरले तर मालकानें तूट भरून द्यावी असें कायदा म्हणतो. याचा अर्थ नीट ध्यानीं घ्यावा. गिऱ्हाइकाच्या औदार्यांतील पहिले ५.१२ डॉलर वेटरच्या खिशांतून फिरून, मालकाच्याच तिजोरींत शिल्लक पडतात. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा इत्यादि सात राज्यांनीं ही सवलत मानलेली नाहीं, आणि तेथील उपाहारगृहें ओस पडलेलीं नाहींत.

‘परंतु उत्तम सेवेस उत्तेजन नको काय?’ हा या पक्षाचा ब्रह्मास्त्र म्हणून योजिलेला प्रश्न. उत्तर प्रयोगानें मिळालेलें आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनीं या विषयाचा वर्षानुवर्षें अभ्यास केला असून सेवेची प्रत आणि बक्षिसीची रक्कम यांचा संबंध अत्यंत क्षीण आहे असें त्यांस आढळलें. बिलाबरोबर गोळी-चॉकलेट ठेवल्यास बक्षिसी वाढते. परत दिलेल्या पैशांबरोबर गिऱ्हाइकाच्या हातास ओझरता स्पर्श केल्यास वाढते. गौरवर्णी नोकरापेक्षां कृष्णवर्णी नोकरास ती कमी मिळते, असेंही पाहण्यांत आलें आहे. म्हणजे बक्षीस मिळतें तें पात्रांत काय पडलें याला नव्हे, तर वाढणाऱ्याचा चेहरा, कातडी आणि लाघव यांना. आम्ही महाविद्यालयांत शिकवितों. आमच्या व्याख्यानाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनीं खुशीनुसार कांहीं टाकावें आणि त्यावर आमचा चरितार्थ चालावा, अशी व्यवस्था एखाद्या संचालकांनीं केली, तर आमच्या शिकविण्याची प्रत वाढेल असें कोणी म्हणेल काय? विनोद मात्र वाढतील, आणि नापास कोणी होणार नाहीं.

आतां आपल्या घरचें पाहूं. मुंबई-पुण्याच्या इराण्यांचीं आणि उडप्यांचीं हॉटेलें ज्या पोऱ्यांनीं चालविलीं, त्यांतले कित्येक दिवसभर टेबलें पुसून रात्रीं शाळेंत बसत. मुंबईंतील कन्नड रात्रशाळांचा इतिहास हा बहुतांशीं याच मुलांचा इतिहास आहे, आणि कोणी तरी तो मराठींतही लिहावयास हवा. त्या काळीं गिऱ्हाईक उठतांना एखादें नाणें बशीखालीं ठेवी. नंतर बडीशेपेची वाटी आली, बिलाचें काळें पाकीट आलें. शंभराची मोड आणतांना जाणता वेटर मुद्दाम दहादहाच्या नोटा आणूं लागला. हा सारा व्यवहार रोकडीचा होता, आणि रोकड निदान ज्याच्या हातीं पडे त्याची असे. २०१६ पासून यूपीआय आली. आतां गिऱ्हाईक चौकोनी ठशासमोर फोन धरितें, रक्कम पैशापर्यंत तंतोतंत मालकाच्या खात्यांत जमा होते, आणि बडीशेप घेऊन आलेला माणूस ती वाटी तशीच उचलून नेतो. कोणी भला गृहस्थ बिलाच्या आंकड्यांत वीस रुपये अधिक मिळवितो; तेही मालकाच्याच खात्यांत जातात. तेथून ते खालीं उतरतात कीं नाहीं, याचा हिशेब गिऱ्हाइकास कोणी दाखवीत नाहीं.

न्यायालयाची दृष्टि काय? २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें एका मोठ्या हॉटेल-कंपनीचें प्रकरण आलें होतें. पत्राच्या, म्हणजे क्रेडिट कार्डाच्या, द्वारें आलेली बक्षिसी मालकानें नोकरांत वांटली तर तो पगार समजून त्यावर कर कापावयाचा कीं नाहीं, असा प्रश्न होता. न्यायालयानें ठरविलें कीं हा पगार नव्हे. तें गिऱ्हाइकाचें ऐच्छिक देणें, आणि मालकाकडून तें मिळण्याचा नोकरास अंगभूत हक्क नाहीं. करशास्त्राच्या दृष्टीनें हा निर्णय यथायोग्यच आहे. परंतु त्यांतून बक्षिसीचें खरें रूप किती लख्ख दिसतें! ज्यावर घर चालतें तें वेतन नव्हे, आणि तें न मिळालें तर तक्रार कोणाकडे नाहीं.

मग ‘सेवाशुल्क’ आलें. बिलाच्या तळाशीं दहा टक्के आपोआप जोडावयाचे आणि गिऱ्हाइकानें तें सरकारी करासारखें मुकाट्यानें भरावयाचें. २०१७ सालीं केंद्र सरकारनें हें ऐच्छिक असल्याचें सांगितलें. ४ जुलै २०२२ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें तें आपोआप लावण्यास मनाई केली. उपाहारगृहांच्या संघटना न्यायालयांत गेल्या, मनाईस स्थगिति मिळाली. आणि २८ मार्च २०२५ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठानें प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. वृत्तपत्रांनीं ग्राहकाचा विजय म्हणून मथळे दिले. विजय झाला हें खरें. छापील किंमतीहून अधिक रक्कम गळ्यांत मारणें अन्यायाचेंच होतें. परंतु या सर्व वर्षांच्या भांडणांत ज्याच्या नांवानें तें शुल्क घेतलें जात होतें तो वेटर कोठें होता? एका बाजूस ग्राहक, दुसऱ्या बाजूस मालक, आणि मधल्या ताटासारखा तो. शुल्क घ्यावें तर मालकानें घ्यावें, सोडावें तर ग्राहकास सोडावें. त्याच्या पगारांत काय भर पडली हें सांगण्याचें बंधन कोणावरच पडलें नाहीं. आतां तर एक नवीनच तऱ्हा निघाली आहे. गाडी बोलावितांना, गाडी येण्यापूर्वींच, चालकास आगाऊ बक्षिसी द्या म्हणजे तो लवकर येईल, असें फोनच सुचवितो. मे २०२५ मध्यें प्राधिकरणानें त्याबद्दलही एका कंपनीस नोटीस काढली. सेवेपूर्वीं दिलेल्या पैशास आमच्या भाषेंत बक्षीस म्हणत नाहींत. त्याला दुसरा शब्द आहे, आणि तो वर दिलेल्या यादींत शेवटीं आला आहे.

या प्रश्नाची कठोर मीमांसा करणारा पुरुष महाराष्ट्रांत होऊन गेला, हें आम्ही विसरतों. वर आम्हीं बलुत्याचा गौरव केला, पण बलुत्याला दुसरी बाजू होती. महार काम करी तें सरकारचें, गांवकामगाराचें. आणि त्याचा मोबदला म्हणजे थोडी वतनी जमीन व बाकी रयतेनें घालावयाचें बलुतें. काम एकाचें, देणें दुसऱ्याच्या राजीखुषीचें. महारानें मान वर केली कीं बलुतें बंद, ही युक्ति गांवोगांव चाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे मंडळांत १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक आणिलें, त्यांत या बलुत्याचें रोख पट्टींत रूपांतर करून ती सरकारनें सारा वसुलीबरोबर वसूल करावी अशी तजवीज होती. ज्याचें काम त्यानें दाम द्यावें, तो गांवाच्या मर्जीवर सोडूं नये, हाच त्यामागील न्याय. विधेयकास तेव्हां यश आलें नाहीं. कनिष्ठ गांवकामगार वतनें नाहींशीं करणारा कायदा १९५८ सालीं झाला. वेटर कांहीं जन्मानें वेटर नसतो, त्याला नोकरी सोडतां येते, आणि वतनाचें दुःख त्याच्या दुःखाशीं तोलूं नये हें आम्ही जाणतों. परंतु मोबदला मर्जीवर ठेवला म्हणजे मान वाकलेली राहते, हा जो सिद्धान्त, तो दोहींकडे एकच आहे. आंबेडकरांच्या जयंतीस हार घालणाऱ्या आमच्या वर्गानें हॉटेलांत बसल्यावर तो आठवावा, ही अपेक्षा कांहीं फार नव्हे.

येथें आमचे तत्त्वनिष्ठ स्नेही पुढें सरसावतात. ‘अगदीं बरोबर! बक्षिसी ही भीक आहे, म्हणून तर आम्ही देत नाहीं.’ त्यांस आमचा नम्र प्रश्न असा, कीं हें तत्त्व आपण मालकास कधीं ऐकविलें आहे काय? वेटरला न दिलेले वीस रुपये आपण कोणत्या चळवळीस दिलेत? ज्या तत्त्वाचें पालन करतांना पाळणाऱ्याचे पैसे वांचतात आणि त्रास दुसऱ्यास होतो, त्या तत्त्वाकडे थोड्या संशयानें पाहावें. व्यवस्था अन्यायाची आहे तोंपर्यंत तींत जेवणाऱ्यानें द्यावें. हातांत, रोख द्यावें. आणि त्याला औदार्य म्हणूं नये. बिल अपुरें होतें, तें आपण पुरें केलें, इतकेंच.

मालकांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. नफा थोडा, भाडें भरमसाट, शेजारचा दर कमी ठेवील तर गिऱ्हाईक तिकडे जाईल. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध उपाहारगृहचालक डॅनी मायर यांनीं २०१५ सालीं आपल्या उपाहारगृहांतून बक्षिसी बंद करून किंमती वाढविल्या. २०२० सालीं त्यांस ती पुन्हा सुरू करावी लागली. अनुभवी वेटरांनाही ती व्यवस्था रुचली नव्हती, कारण चांगल्या रात्रीं बक्षिसी पगाराहून पुष्कळ अधिक होई. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनीं २०२४ सालीं बक्षिसीवाल्यांस पूर्ण किमान वेतन देण्याची सूचना फेटाळली. पण या उदाहरणांतून निघतें तें इतकेंच, कीं एकट्या दुकट्या सज्जन मालकास हें साधत नाहीं. सर्वांवर एकदम बंधन आलें पाहिजे, आणि सर्वांवर एकदम येणाऱ्या बंधनालाच कायदा म्हणतात. आपल्याकडे १९४८ पासून किमान वेतनाचा कायदा आहे. त्याच्या जागीं आलेली २०१९ ची वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ मध्यें अंमलांत आली. भटारखान्यांत भांडीं घासणाऱ्यास तिचें नांवही ठाऊक नसावें, आणि बक्षिसीची नोट तर मोरीपर्यंत पोंचतच नाहीं. दहा टक्क्यांच्या शिष्टाचारांत भांडीं घासणाऱ्याचें पर्व कोणी लिहिलेलें नाहीं.

इंग्लंडानें २०२३ सालीं कायदा केला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो लागू झाला. गिऱ्हाइकानें दिलेली बक्षिसी, मग ती कार्डानें दिलेली असो वा सेवाशुल्क म्हणून घेतलेली असो, मालकानें कांहींही कापून न घेतां नोकरांत न्याय्य रीतीनें वांटावी आणि वांटपाचें धोरण लिहून ठेवावें, असें त्यांत आहे. किमान वेतनांत बक्षिसी धरण्यास तर तेथें २००९ पासूनच मनाई आहे. हे दोन नियम आमच्याकडे येण्यास कोणती अडचण आहे? ग्राहकाच्या दहा टक्क्यांसाठीं जें प्राधिकरण उच्च न्यायालयापर्यंत लढलें, त्यानें नव्हे तर कामगार खात्यानें तरी हें मनावर घ्यावें.

शिष्टाचाराचीच ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द. केंस पिकलेल्या माणसास ‘ए’ आणि ‘छोटू’ अशी हांक मारून शेवटीं दहा टक्के काटेकोर मोजणारें कुटुंब आम्ही पाहतों, तेव्हां टक्क्यांचें गणित चुकलें असतें तरी चाललें असतें असें वाटतें. ‘अहो’ म्हणण्यास कर लागत नाहीं. दुसरी हौस लहान मुलाच्या हातून नोट देवविण्याची: ‘दे बाळ, काकांना दे.’ बाळ देतो, काका हंसतात, आई-बाबा कृतार्थ होतात. वरच्यानें खालच्यास प्रसन्न होऊन कसें द्यावें, याचा हा पहिला धडा. त्याऐवजीं बाळास गल्ल्यापाशीं न्यावें आणि त्याच्यादेखत मालकास विचारावें, कीं आम्ही यूपीआयनें जे वीस रुपये वर दिले ते कोणाला मिळतात, केव्हां मिळतात, आणि आंत भांडीं घासणाऱ्याचा त्यांत वांटा किती? मालक जें काय उत्तर देईल तें बाळालाही ऐकूं द्यावें.